मागच्या आकड्यात दहा टक्के मिळवून पाठवू नका

प्रश्न थोडक्यात असा. नागपूर जिल्ह्यातल्या एका विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक शाखेत नुकत्याच रुजू झालेल्या नायब तहसीलदार ताईंकडून पंधरा दिवसांत पुढच्या मोठ्या निवडणुकीचा खर्चाचा अंदाज मागवला आहे. जुन्या फाईलमध्ये एकच पान सापडलं. त्यावर मागच्या निवडणुकीचा एकूण खर्च आणि खाली 'अधिक १० टक्के' एवढंच लिहिलेलं. त्या विचारतात, तसंच पाठवलं तर चालेल का? नाही तर सुरुवात कुठून करू?

ताई, तसं पाठवू नका. या कामात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. आधी अव्वल कारकून म्हणून आणि नंतर तुमच्याच खुर्चीवर बसून मी हे अंदाज केले आहेत. त्या एका पानाने किती लोकांना त्रास होतो ते जवळून बघितलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याच जिल्ह्यातलं २०२४ साल घ्या. लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि मतमोजणी ४ जूनला. मधले ४६ दिवस मतदान यंत्रं स्ट्राँग रूममध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या सीलबंद खोलीत, होती. त्याच वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ ला, म्हणजे फक्त तीन दिवस. मतदान केंद्रं जवळजवळ तीच, कर्मचारी तेच, गावंही तीच. पण स्ट्राँग रूमचे सीसीटीव्ही, जनरेटरचं डिझेल, पहाऱ्यावरच्या लोकांचे कूलर, बाहेर बसणाऱ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी मांडव आणि स्क्रीन यांचा खर्च एकीकडे ४६ ने गुणायचा आणि दुसरीकडे ३ ने. आता सांगा, लोकसभेच्या आकड्यावर दहा टक्के चढवून विधानसभेची मागणी केली तर काय होईल? आणि उलट केलं तर? २०१९ मध्येही लोकसभेला ११ एप्रिल ते २३ मे असे ४२ दिवस गेले होते. विदर्भ पहिल्या टप्प्यात आला की हे ठरलेलंच. मागचा एकूण आकडा तुम्हाला यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून माझी पद्धत एकच होती. रुपये शेवटी लिहायचे, आधी मोजायचं. किती केंद्रं, किती माणसं, किती गाड्या, किती दिवस. दर नंतर लावता येतो, दर बदलला तर तो खोडून नवा लिहिता येतो. मोजणी चुकली तर मात्र काहीच दुरुस्त होत नाही.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ती म्हणजे खर्च कोणाच्या खात्यावर पडतो. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा निम्मा. मतदार यादी, ओळखपत्रं असं जे काम वर्षभर चालतं त्यातही केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे वाटेकरी. लोकसभेला कायदा-सुव्यवस्थेचा म्हणजे पोलीस बंदोबस्ताचा खर्च राज्यच उचलतं. लेखाशीर्षात, म्हणजे खर्च ज्या क्रमांकाखाली नोंदवायचा त्यात, प्रधान शीर्ष २०१५ 'निवडणुका' (हे साल नव्हे, शीर्षाचा क्रमांक आहे) आणि त्याखाली १०३ मतदार याद्या, १०५ संसदेची निवडणूक, १०६ विधानमंडळाची, १०८ ओळखपत्रं अशी गौण शीर्षं येतात. लोकसभेचा पैसा आधी राज्य खर्च करतं आणि लेखापरीक्षण झालेल्या हिशेबावर केंद्राकडून परत मागतं. त्यामुळे यादीच्या कामाला घेतलेला प्रिंटर तुम्ही १०५ खाली दाखवला तर आज कोणी बोलणार नाही. दोन वर्षांनी आक्षेप येईल आणि तेव्हा त्या खुर्चीवर दुसरंच कोणी असेल. महानगरपालिकेची निवडणूक याच्यात मिसळूच नका. ती राज्य निवडणूक आयोगाची, तिचा खर्च महापालिकेने करायचा. माणसं तीच धावतात म्हणून कागद एक होत नाहीत.

आता मोजणी. पहिला कागद म्हणजे मतदान केंद्रांची यादी, आणि तीही मागच्या वेळची नव्हे. २०२४ ला एका केंद्रावर १५०० मतदारांपर्यंत मर्यादा होती. २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगाने ती १२०० केली. याचा परिणाम शहरातल्या मतदारसंघांत जास्त होणार. समजा तुमच्याकडे ३४० केंद्रं आहेत आणि त्यातल्या ४५ केंद्रांवर १२०० च्या वर मतदार आहेत. प्रत्येकाचे दोन केले की ३८५ झाली. एका केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी असे चौघे धरले तर १५४०, त्यावर २० टक्के राखीव म्हणजे ३०८, एकूण १८४८ माणसं. जुन्या ३४० वर हाच हिशेब १६३२ येतो. म्हणजे २१६ माणसांचं प्रशिक्षण, जेवण, मानधन आणि बसमधली जागा त्या 'अधिक १० टक्के' मध्ये कुठेतरी कोंबलेली असते, आणि ती तिथे मावत नाही. शिवाय वेबकास्टिंग, म्हणजे केंद्रातलं थेट चित्रण, २०२४ ला किमान निम्म्या केंद्रांवर सांगितलं होतं, नंतर आयोगाने ते सगळ्या केंद्रांवर करायचं ठरवलं. म्हणजे या ओळीत संख्याही वाढली आणि प्रमाणही.

यादी हातात आली की केंद्रं बघायला जा. सगळी जमणार नाहीत, पण जुन्या इमारतीतली, नव्याने फोडलेली आणि लांबची तरी बघाच. सोबत बांधकाम विभागाचा कनिष्ठ अभियंता घ्या. खोलीत शिरल्यावर आधी स्विचबोर्ड बघा. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी असे बोर्ड बघितले आहेत की प्लग लावला तर ठिणगी उडते. तिथे कॅमेरा, दिवा, पंखा आणि मतदानाच्या आदल्या रात्री मुक्कामी असलेल्या चार जणांचे मोबाईल एकाच सॉकेटवर चालायचे असतात. रॅम्प आहे का, असेल तर त्याचा उतार खुर्चीची चाकं चढतील असा आहे का. नळाला पाणी येतं का, की नुसता नळ आहे. संडासाला कडी आहे का. महिला कर्मचारी तिथे रात्र काढणार आहेत, त्यामुळे कडीची नोंद मी नेहमी वेगळी घ्यायचो. हे सगळं 'किमान निश्चित सुविधा' या नावाने कागदावर एका ओळीत येतं. प्रत्यक्षात प्रत्येक केंद्राचा खर्च निराळा असतो. शाळा दुरुस्तीचा काही भाग शिक्षण विभागाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून होऊ शकतो, पण त्यासाठी पत्र सहा महिने आधी जावं लागतं.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ती चूक माझी होती. एका लोकसभा निवडणुकीत, एप्रिल महिन्यात, एका मतदारसंघाचं साहित्यवाटप होतं, म्हणजे मतदान पथकांना यंत्रं आणि साहित्य देऊन केंद्रांवर रवाना करायचा दिवस. अंदाज मी केला होता. १३०० माणसं, माणशी एक लिटर, म्हणून २० लिटरचे ६५ जार. कागदावर हिशेब अगदी बरोबर दिसत होता. सकाळी सात वाजता लोक यायला लागले. डोक्याला दुपट्टे बांधलेले, हातात पिशव्या, काहींच्या सोबत सोडायला आलेली घरची माणसं. साडेदहाला शेवटचा जार उपडा झाला. मी चालक धरले नव्हते, पोलीस धरले नव्हते, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये उघड्या मैदानात सहा तास उभा राहिलेला माणूस एक लिटरवर राहत नाही हेही धरलं नव्हतं. एक शिक्षिका मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसल्या. त्यांच्या मांडीवर मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटची पेटी होती आणि ती खाली ठेवायची नाही असं त्यांना सांगितलेलं असल्यामुळे त्या पदराने वारा घ्यायलासुद्धा हात मोकळा करत नव्हत्या. आरोग्य पथकाने ओआरएस दिलं, त्या सावरल्या. आम्ही मिळेल तिथून, मागेल त्या भावाने जार आणले. दरपत्रक नाही म्हणून पुढे त्या देयकावर आक्षेप आला आणि तो रास्तच होता. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या निवडणुकीला मी माणशी चार लिटर धरतो, चालक-पोलीस-हमाल सगळे मोजून. जारसोबत ग्लास, बर्फ, ओआरएसची पाकिटं आणि सावलीचा मांडव या वेगळ्या ओळी. मतदान केंद्रावर रांगेतल्या मतदारांसाठीही सावली आणि पाणी लागतं, ती ओळ आणखी वेगळी. नोव्हेंबरच्या निवडणुकीला या ओळी निम्म्याच्या खाली येतात. तिथे तसंच कमी लिहा, उगाच फुगवू नका.

गाड्यांचा हिशेब गाड्यांच्या संख्येत करू नका, गाडी-दिवसांत करा. लोक मतदानाच्या दिवशीच्या बस मोजतात आणि आचारसंहितेत रोख-दारू पकडायला फिरणाऱ्या आणि नाक्यांवर बसणाऱ्या पथकांना विसरतात. भरारी पथक निवडणूक जाहीर झाल्याच्या दिवसापासून सुरू होतं, स्थिर सर्वेक्षण पथक अधिसूचनेपासून. २०२४ ची लोकसभा १६ मार्चला जाहीर झाली. १६ मार्च ते १९ एप्रिल, दोन्ही दिवस धरून ३५ दिवस. एका विधानसभा क्षेत्रात तीन भरारी पथकं धरली तर १०५ गाडी-दिवस. अधिसूचना २० मार्चची, म्हणजे स्थिर पथकांचे ३१ दिवस, तिथेही तीन पथकं तर ९३. मतदानाची एकही बस हलायच्या आधी हे जवळजवळ २०० गाडी-दिवस झाले. गाडी चोवीस तास, म्हणजे चालक तीन पाळ्यांचे. प्रत्येक पथकासोबत चित्रीकरण करणारा, तोही तीन पाळ्यांचा. सावनेर, काटोल, रामटेक या मतदारसंघांची हद्द मध्य प्रदेशला लागते. तिथल्या नाक्यांवर रस्त्याच्या कडेला पथक बसतं. त्यांना छप्पर, दिवा, टेबल-खुर्ची, पाणी आणि रात्री चमकणारे अडथळे लागतात. महिनाभर हे लोक ट्रकच्या धुळीत बसतात, त्यांच्यासाठी निदान एक धड तंबू अंदाजात असलाच पाहिजे.

मतदानाच्या बससाठी एसटी महामंडळ आणि शहरात 'आपली बस', दोन्हींकडे लवकर पत्र द्या. बसची संख्या केंद्रांना भागून काढू नका, मार्गावरून काढा. शहरात एक बस अर्ध्या तासात पाच-सहा पथकं उतरवते. देवलापारच्या पुढे, पेंचच्या बाजूला एका मार्गावर दोन-तीन केंद्रांतच दुपार होते, आणि काही ठिकाणी बस वळवायला जागा नसते म्हणून जीपच द्यावी लागते. खासगी गाड्या लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० खाली अधिग्रहित करता येतात, पण कलम १६१ प्रमाणे मोबदला द्यावाच लागतो. अधिग्रहण म्हणजे फुकट नव्हे. गाडीवाल्याचा त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि नोव्हेंबरची निवडणूक असेल तर तुळशीच्या लग्नानंतर तीच गत. मांडव, गाड्या, कॅमेरेवाले, आचारी या सगळ्यांना त्याच तारखांना दुसरीकडे दुप्पट पैसा मिळत असतो. दर ठरवताना हे लक्षात ठेवा. कागदावरचा स्वस्त दर ऐनवेळी माणूस देत नाही.

ऐंशीच्या पुढच्यांसाठीची घरून मतदानाची सोय २०२४ च्या लोकसभेपासून ८५ वर्षांवरच्यांना केली, शिवाय ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार. त्यासाठीचे अर्ज, म्हणजे नमुना १२-ड, किती भरून येतील हे आधी कळत नाही, पण यादीत असे मतदार किती आहेत ते कळतं. मागच्या वेळी त्यातल्या किती जणांनी अर्ज भरला ते प्रमाण काढा आणि त्यावर पथकं ठरवा. मतदार घरी भेटला नाही तर दुसरी फेरी करावी लागते, तिचीही गाडी धरा.

आता उमेदवारांची संख्या. ही गोष्ट जुन्या फाईलमध्ये मला कधीच सापडली नाही. एका बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या यंत्रावर, 'नोटा' धरून १६ बटणं. उमेदवार १६ झाले की 'नोटा'ला जागा उरत नाही, प्रत्येक केंद्राला दुसरं युनिट लागतं. २०२४ च्या लोकसभेला नागपुरात २६ उमेदवार होते आणि रामटेकला २८. म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रावर दोन दोन युनिटं. यंत्रं तुम्हाला विकत घ्यायची नसतात, तो खर्च केंद्राचा. पण ती गोदामातून आणणं, प्रथमस्तरीय तपासणीची जागा, उमेदवारांची नावं बसवताना लागणारी टेबलं आणि माणसं, ट्रकमधली जागा, हमाली, मतपत्रिकेची छपाई हे सगळं वाढतं. २०२५ मध्ये आयोगाने यंत्रावरच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा रंगीत फोटो आणि चांगला कागद सांगितला आहे, त्यामुळे छपाईचा जुना दर आता चालणार नाही. पक्का आकडा अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीननंतर कळतो. म्हणून मी अंदाजाला दोन तक्ते जोडायचो, एक १५ उमेदवारांपर्यंतचा आणि एक त्यापुढचा. दोन्हींतला फरक वेगळा दाखवायचो. वरचे अधिकारी सुरुवातीला विचारायचे की हे कशाला. माघारीच्या संध्याकाळी तोच कागद काढून नुसती सही घ्यायची असते, तेव्हा त्याची किंमत कळते.

तारखांचा फटका सांगतो. २०२४ ला पहिल्या टप्प्याची माघार ३० मार्चला होती. तो शनिवार. ३१ मार्चला रविवार आणि आर्थिक वर्ष संपलं. त्याच आठवड्यात २५ ला धुळवड आणि २९ ला गुड फ्रायडे. म्हणजे ज्या दिवशी गरज किती ती कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या वर्षाचं अनुदान व्यपगत, म्हणजे न वापरलेला पैसा परत. काम मार्चमध्ये, देयक एप्रिलमध्ये, आणि पैसा कोणत्या वर्षाचा हा प्रश्न शेकडो देयकांवर. लोकसभेचा अंदाज करताना सुरुवातीपासून दोन रकाने करा, ३१ मार्चपर्यंत काय देय होईल आणि १ एप्रिलनंतर काय. प्रशिक्षणाची पहिली फेरी, मंडपाचा आगाऊ भाग, छपाई, पथकांच्या गाड्यांचा मार्चचा हिशेब पहिल्या रकान्यात. बाकी सगळं दुसऱ्यात. विधानसभेला ही अडचण नसते, पण दिवाळी आडवी येते. २०२४ ला २२ ऑक्टोबरला अधिसूचना, ४ नोव्हेंबरला माघार आणि मधे सगळी दिवाळी. झेरॉक्सवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळे गावाला गेलेले.

मागणी कधी जाते तेही बघा. आठमाही सुधारित अंदाजात, म्हणजे वर्षाच्या आठ महिन्यांच्या खर्चावरून सुधारलेल्या अंदाजात, तुमचा आकडा गेला नाही तर पुढे पुरवणी मागणीची वाट बघावी लागते. आपल्याकडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा त्या मागण्या सिव्हिल लाईन्समधल्या विधानभवनातच मंजूर होतात, पण त्याच दिवसांत शहरातल्या सरकारी गाड्या, रविभवन, आमदार निवास सगळं अडकलेलं असतं. तेव्हा निवडणुकीची कोणतीही मोठी तयारी त्या पंधरवड्यावर ठेवू नका.

खरेदीची प्रक्रिया आचारसंहितेच्या आधी पूर्ण करा. निवडणुकीच्या कामाला आचारसंहितेची आडकाठी नसते, पण त्या दिवसापासून तुमच्याकडे वेळ नसतो. मंडप, चित्रीकरण, जेवण, पाणी, छपाई, संगणक भाड्याने, सीसीटीव्ही या सगळ्यांचे दरकरार जिल्हा पातळीवर एकत्र झाले तर बरं, कारण बारा मतदारसंघांनी बारा दर लावले की लेखापरीक्षणात पहिला प्रश्न तोच येतो. आणि महालेखाकारांचं कार्यालय इथेच नागपुरात आहे, ते तपासायला लांबून येत नाहीत.

मंडपाचं एक उदाहरण देतो. एका मतदारसंघात कार्यादेश ९,००० चौरस फुटांचा होता आणि देयक आलं १२,६०० चं. सगळ्यांना वाटलं कंत्राटदाराने वाढवून लावलं. मंडप दुसऱ्याच सकाळी उतरलेला, मोजायला काही शिल्लक नाही. देयक पडून राहिलं. शेवटी आमच्या एका लिपिकाने वाटपाच्या दिवशीचे मोबाईलमधले फोटो काढले आणि खांब मोजले. दोन खांबांमध्ये १५ फूट. लांबीला आठ गाळे, रुंदीला सात. १२० गुणिले १०५, बरोबर १२,६००. आदेशात रुंदीला पाचच गाळे होते. आदल्या संध्याकाळी कोणीतरी अधिकाऱ्याने ऊन आत येतंय म्हणून दोन गाळे वाढवायला सांगितलं होतं, तोंडी. त्या माणसाने ते वाढवले, लोकांना सावली मिळाली, आणि स्वतःच्या पैशासाठी त्याने अकरा महिने चकरा मारल्या. त्याच्या मजुरांची मजुरी त्याने केव्हाच दिली होती. मंडप उभा असतानाच, बांधकामच्या अभियंत्याने मोजून, दोघांच्या सह्या घेऊन नोंद करायची. वाढीव काम सांगायचं तर चार ओळींची चिठ्ठी. या कामासाठी एक माणूस आणि एक वही त्या दिवशी दुसऱ्या कशालाही लावू नका.

रोख लागणाऱ्या कामांसाठी संक्षिप्त देयकावर, म्हणजे पावत्या न जोडलेल्या बिलावर, आगाऊ रक्कम काढली जाते आणि तपशीलवार देयक महिन्याभरात द्यायचं असतं. निवडणुकीत हे थकतं, कारण प्रमाणकं, म्हणजे पावत्या, झोनल अधिकाऱ्यांच्या, केंद्राध्यक्षांच्या पिशव्यांतून येतात आणि मतदान झाल्यावर माणसं आपापल्या खात्यात परत जातात. मी साहित्य परत घेण्याच्या रात्रीच एक टेबल हिशेबाचं मांडायचो. यंत्र जमा, कागद जमा, तिसऱ्या टेबलावर पावत्या जमा. रात्री दोन वाजता माणूस थकलेला असतो, पण पावती खिशात असते. आठ दिवसांनी ती धुतलेल्या शर्टात सापडते. या टेबलाला दोन माणसं आणि दिवा लागतो, तेवढंही अंदाजात लिहा.

मतमोजणीचा अंदाज टेबल आणि फेऱ्या यांवरून काढा. लोकसभेला आपल्याकडे कळमना बाजार समितीच्या आवारात दोन्ही मतदारसंघांची मोजणी झाली, म्हणजे मोठा मंडप, लोखंडी जाळी, बॅरिकेड आणि जूनच्या उकाड्यातले कूलर-पंखे, हे बहुतेक जिल्ह्याच्या पातळीवर होतं. तुमच्याकडे येतो तो माणसांचा आणि वाहतुकीचा भाग. विधानसभेला मात्र मोजणी मतदारसंघनिहाय होते आणि सगळं तुमच्याच अंगावर येतं.

आता ज्या ओळी सगळ्यात आधी कापल्या जातात त्यांच्याबद्दल. बीएलओंचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचं, मानधन आयोगाने २०२५ मध्ये वर्षाला ६,००० वरून १२,००० केलं, पर्यवेक्षकांचं १२,००० वरून १८,०००. मतदान आणि मोजणीच्या कर्मचाऱ्यांचे दरही वाढले. तुमच्याकडे आलेल्या ताज्या परिपत्रकातले दर घ्या, जुन्या फाईलमधले नाही. पण मानधनाच्या पलीकडे अंगणवाडी सेविका झालेली बीएलओ स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढते, स्वतःच्या मोबाईलचा डेटा वापरते. मुख्याध्यापक स्वतः बल्ब आणतो. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचा तलाठी) रात्री आलेल्या पथकाला स्वतःच्या घरून पोळी-भाजी पाठवतो. कोतवाल स्वतःच्या दुचाकीत पेट्रोल टाकून टपाल नेतो. अंदाजात जो पैसा धरलेला नसतो तो वाचत नाही, तो या लोकांच्या खिशातून जातो, आणि त्यांच्याकडे पावती नसते. म्हणून प्रति केंद्र एक किरकोळ खर्चाची रक्कम ठेवा आणि ती मतदानाच्या आधी हातात पडेल अशी व्यवस्था करा. ही ओळ कापायला सांगितली तर भांडा. मी भांडलो आहे, दोनदा मिळाली, एकदा नाही.

आकस्मिक म्हणून सरसकट पाच टक्के लिहू नका. कशासाठी ते लिहा. अवकाळी पावसाने वाटपाचा मांडव गेला तर ताडपत्री आणि दुसरी जागा. फेरमतदान लागलं तर दोन केंद्रांचा पूर्ण खर्च. उमेदवार १५ च्या वर गेले तर दुसरा तक्ता. कारण लिहिलेली रक्कम मंजूर होते, टक्केवारी कापली जाते.

तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत. पहिले चार दिवस केंद्रांची यादी आणि १२०० वरची केंद्रं यांत घाला. पुढचे सहा दिवस अभियंत्याला घेऊन फिरा, सकाळी लवकर निघा. दोन दिवस गाडी-दिवस आणि माणूस-दिवसांचे तक्ते. दर शेवटच्या दोन दिवसांत लावा आणि प्रत्येक दरासमोर तो कुठून घेतला ते लिहा. उरलेला एक दिवस कोषागारात जाऊन बसा. मागच्या निवडणुकीची कोणती देयकं परत आली होती आणि का, हे तिथल्या लेखा लिपिकांना तोंडपाठ असतं. तक्ते झाले की इथेच टाका, स्ट्राँग रूमचे दिवस आणि पथकांच्या पाळ्या मी स्वतः तपासून देतो.